नायट्राइटचे आचार्य : प्रफुल्लचंद्र राय

हिंदूरावच्या टेकडीवर सराव-दौड करणाऱ्या कॅडेट्सना एक गोष्ट ठाऊक असते : ज्या वाड्यावरून इथल्या रुग्णालयाचे नाव पडले, तो कागलकर घाटग्यांपैकी हिंदूरावांचा, म्हणजे बायजाबाई शिंद्यांच्या भावाचा. 1857 मध्ये दिल्लीच्या वेढ्यात याच वाड्यात इंग्रजांची चौकी होती आणि ती गुरख्यांनी लढवली. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, 1885 साली, एडिंबरो विद्यापीठाने निबंधस्पर्धा ठेवली. विषय होता, उठावापूर्वीचा व नंतरचा हिंदुस्थान. रसायनशास्त्र शिकायला आलेल्या एका चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळा बाजूला ठेवून त्यात इंग्रजी राज्यावर कडक टीका केली. बक्षीस मिळाले नाही. त्याने निबंध स्वतः छापला. तो विद्यार्थी म्हणजे प्रफुल्लचंद्र राय.

त्यांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 रोजी आज बांगलादेशात असलेल्या खुलना भागातल्या राडुली गावी झाला. लहानपणी आमांशाने असे गाठले की शाळा दोन वर्षे सुटली आणि पोट जन्मभर नाजूक राहिले. त्या दोन वर्षांत वडिलांच्या कपाटातली पुस्तके मात्र वाचून झाली. 1882 मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले.

तिथे गुरू लाभले अलेक्झांडर क्रम ब्राऊन. अणूचे अक्षर वर्तुळात लिहायचे आणि अणूंमधले बंध रेषांनी दाखवायचे, ही पद्धत त्यांनी 1864 साली मांडली होती. तुम्ही अकरावीच्या वहीत काढता त्या आकृत्यांचे मूळ इथे आहे. ती पद्धत किती कामाची आहे ते पाहू. प्रोपिल अल्कोहोलमध्ये तीन कार्बन ओळीत. हायड्रॉक्सिल गट टोकाच्या कार्बनवर असला तर ते साधे प्रोपिल, मधल्यावर असला तर आयसोप्रोपिल. अणू तेवढेच, पण पदार्थ दोन. आता हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन काढून तिथे नायट्रोजन-ऑक्सिजनची जोडी बसवा, की अल्किल नायट्राइट तयार. नाव ठेवायला वेगळे डोके चालवावे लागत नाही, अल्कोहोलचे आडनाव तेवढे पुढे चालवायचे : इथिल अल्कोहोलपासून इथिल नायट्राइट, आयसोप्रोपिलपासून आयसोप्रोपिल नायट्राइट.

गुण मात्र बदलतात. अल्कोहोलचे रेणू त्या हायड्रोजनच्या जोरावर एकमेकांना धरून असतात. तो गेला की पकड सुटते. इथिल अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळते, इथिल नायट्राइट 17 अंशांनाच. म्हणजे दिल्लीत डिसेंबरच्या पहाटे बाटलीत द्रव आणि मार्चच्या दुपारी वाफ! अल्कोहोलचा सांगाडा फांदीदार असला तर आकडा आणखी उतरतो. साधे ब्युटिल नायट्राइट सुमारे 78 अंशांना उकळते, तर तिहेरी फांदीचे सुमारे 62 अंशांना.

राय 1887 मध्ये डी.एस्सी. होऊन पुढल्या वर्षी परतले. एडिंबरोची डॉक्टरेट हातात असूनही वरिष्ठ शैक्षणिक सेवेची दारे हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होती. जवळपास वर्षभर ते नोकरीविना राहिले. त्या दिवसांत मित्र जगदीशचंद्र बोस यांनी घरी आसरा दिला. अखेर 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मासिक 250 रुपयांवर तात्पुरती, तीही प्रांतिक दर्जाची, जागा मिळाली. त्यांनी ती घेतली आणि कामाला लागले.

1895-96 च्या सुमारास सौम्य नायट्रिक आम्ल आणि जादा पारा एकत्र ठेवले असता पिवळे स्फटिक दिसले. ते मर्क्युरस नायट्राइट निघाले. करायला गेले होते दुसरेच काही, पण स्फटिक फेकून न देता त्यांचा पिच्छा पुरवला. तिथून नायट्राइटने त्यांना सोडले नाही. 1906 मध्ये पंचानन नियोगी या शिष्याबरोबर त्यांनी अल्किल सल्फेट व धातूंच्या नायट्राइटची क्रिया अभ्यासली. अशा क्रियांत मोठी गंमत असते. अल्किल गट ऑक्सिजनला चिकटला तर नायट्राइट, नायट्रोजनला चिकटला तर नायट्रो-संयुग. इथिल नायट्राइटचे जुळे भावंड नायट्रोइथेन तब्बल 114 अंशांना उकळते. 1912 मध्ये लंडनला त्यांनी अमोनियम नायट्राइट न फुटता वाफ होऊ शकते हे दाखवले, तेव्हा विल्यम रॅमसेंनी अभिनंदन केले.

लष्करी विद्यार्थ्यांनी या कुळातले एक नाव लक्षात ठेवावे : ॲमिल नायट्राइट. 1867 साली एडिंबरोतच लॉडर ब्रंटन यांनी हृदयशूलावर ते वापरले, कारण त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचा काही भाग बदलते आणि तो भाग सायनाइडला पकडतो, म्हणून विषबाधेवरच्या उताऱ्यातही त्याने जागा मिळवली. हेच औषध उगाच हुंगले तर रक्तदाब एकदम कोसळतो.

रायांचे दुसरे घर म्हणजे बेंगॉल केमिकल. 1892 मध्ये 700 रुपये भांडवलावर राहत्या घरी सुरुवात झाली. गच्चीवर वाळत घातलेल्या गुरांच्या हाडांवर कावळे जमत आणि शेजारी तक्रार करीत. 1901 मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते गोपाळ कृष्ण गोखल्यांमुळे जुळले. कलकत्त्यात दोघे शेजारी. गांधीजी गोखल्यांकडे उतरले होते तेव्हा गोखल्यांनी रायांची ओळख करून देताना सांगितले की हे 800 रुपये पगारातले 40 स्वतःसाठी ठेवतात, उरलेले लोककार्याला देतात, आणि लग्न करण्याचा विचार नाही. 1920 साली नागपूरला भरलेल्या विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष तेच होते.

साठी उलटल्यावर विद्यापीठाचा पगार त्यांनी विद्यापीठालाच परत दिला. सायन्स कॉलेजच्या इमारतीतल्या एका खोलीत विद्यार्थ्यांसह ते राहिले, आणि 16 जून 1944 रोजी तिथेच वारले.