मार्टिन ल्यूथर किंगच्या गुरूंना भारतात ‘अस्पृश्य’ म्हटलं गेलं, तेव्हा काय झालं?

अमेरिकेत गुलामगिरी संपली, तरी दक्षिणेत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजांत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी कॉलेजं उभी राहिली. वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ त्यातलंच. 1936 मध्ये तिथल्या धर्मशास्त्र शाखेचे डीन होते बेंजामिन मेज. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. कापसाच्या शेतात राबत शिकलेल्या मेज यांनी 1935 मध्ये शिकागोतून पीएचडी केली होती.

1936 च्या अखेरीस वायएमसीएच्या म्हैसूरमधल्या जागतिक परिषदेसाठी ते भारतात आले आणि वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. अहिंसा प्रत्यक्षात कशी चालते, हे त्यांनी समजून घेतलं. पुणे कराराला तेव्हा चार वर्षं झाली होती. अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेविरुद्ध का नाही, असंही मेज यांनी विचारलं. गांधीजींनी मात्र जातीकडे कामाची विभागणी म्हणून पाहिलं.

म्हैसूरजवळ अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख करून दिली, ती मोठं नाव कमावलेला अस्पृश्य म्हणून. मेज आधी चिडले. मग त्यांना जाणवलं, आपल्या देशात आपणही अस्पृश्यच आहोत.

1940 मध्ये ते अटलांटातल्या मोअरहाऊस या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजचे अध्यक्ष झाले. 1944 मध्ये 15 वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग तिथे शिकायला आला आणि मेज यांना गुरू मानू लागला. 1968 मध्ये किंग यांची हत्या झाली, तेव्हा अंत्यविधीत श्रद्धांजलीचं भाषण मेज यांनाच करावं लागलं. 1984 मध्ये त्यांचं निधन झालं.