संत फिलिपीन दुशेन
परभाषेच्या देशांतील एक शिक्षिका

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपणांस आपल्या पूर्वजांची आठवण होते, तशीच धर्मग्रामांचा व शाळांचा पाया घालणाऱ्या परदेशीय पाद्र्यांची व धर्मभगिनींचीही होते. त्यांनीं उभारलेलें काम डोळ्यांना दिसतें. परंतु परक्या देशांत पाऊल टाकल्यावर त्यांचें पहिलें वर्ष कसें गेलें, भाषा येत नसतां त्यांनीं मुलांपुढें तोंड कसें उघडलें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो विचार मनांत यावा म्हणून एका थोर शिक्षिकेचें चरित्र येथें सादर करीत आहों. संत फिलिपीन दुशेन या फ्रान्समधून अमेरिकेंत गेल्या, चौतीस वर्षें तेथें राहिल्या, आणि तेथील इंग्रजी भाषा त्यांना अखेरपर्यंत नीट आली नाहीं. असें असूनही त्या देशांतील कॅथोलिक शाळांच्या इतिहासांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे. हें कसें घडलें तें पाहूं.

बालपण व व्रत

रोझ फिलिपीन दुशेन यांचा जन्म फ्रान्समधील ग्रनोब्ल शहरीं ता. २९ ऑगस्ट १७६९ रोजीं झाला. घराणें सधन होतें. वडील वकील असून राजकारणांत त्यांचें वजन होतें. अमेरिका खंडांतील पहिली संत, लिमा शहरची रोझ, आणि प्रेषित फिलिप अशा दोघांचीं नांवें मुलीस ठेवण्यांत आलीं. पुढें ज्या खंडांत तिला देह ठेवावयाचा होता, त्याची खूण जणूं बाप्तिस्म्याच्या दिवशींच तिच्यावर उमटली. लुईझियाना प्रांतांत मिशनकार्य करून परत आलेल्या एका जेज्वीट पाद्र्यांच्या तोंडून तेथील मूळ रहिवाशांच्या गोष्टी तिनें लहानपणीं ऐकल्या, आणि त्या तिच्या मनांत कायमच्या बसल्या.

शहरावरील टेकडीवर व्हिजिटेशन संघाचा मठ होता. तेथेंच फिलिपीनचें शिक्षण झालें, आणि १७८८ सालीं वडिलांच्या मनाविरुद्ध ती त्या मठांत दाखल झाली. पण व्रतें घेण्यापूर्वींच फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९२ सालीं मठ रिकामा करण्यांत आला व मठवासिनी चहूंकडे पांगल्या. पुढील दहा वर्षें फिलिपीनबाईंनीं घरच्या पोशाखांत राहून तुरुंगांतील कैद्यांची सेवा केली, लपून राहिलेल्या पाद्र्यांना मदत केली आणि रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांना गोळा करून शिकविलें. शिक्षिकेचा त्यांचा खरा अभ्यास येथेंच झाला.

१८०१ सालीं जुना मठ त्यांच्या हातीं आला, परंतु पूर्वींच्या भगिनी तेथें टिकल्या नाहींत. तेव्हां १८०४ सालीं त्यांनीं तो मठ व स्वतःचें जीवित हीं दोन्हीं मदर मादलेन सोफी बारा यांनीं नुकत्याच स्थापिलेल्या पवित्र हृदयाच्या संघाच्या स्वाधीन केलीं. मदर बारा वयानें त्यांच्याहून दहा वर्षांनीं लहान. तरी एकदां आज्ञापालनाचें व्रत घेतल्यावर फिलिपीनबाईंनीं वयाचा विचार मनांत आणला नाहीं.

१८०६ सालीं पवित्र गुरुवारची सारी रात्र त्यांनीं पवित्र साक्रामेंतापुढें जागून काढली. त्या रात्रीं आपण पवित्र साक्रामेंत घेऊन अमेरिकेच्या रानावनांतून हिंडत आहों असें त्यांना वाटत राहिलें. ती ओढ त्यांनीं मदर बारांना कळविली. उत्तर मिळालें तें थांबण्याचें. त्या बारा वर्षें थांबल्या. अखेर १८१७ सालीं लुईझियानाचे बिशप दुबूर हे शाळेसाठीं भगिनी मागण्यास पॅरिसला आले, तेव्हां मदर बारांनीं परवानगी दिली.

समुद्रापार

१८१८ च्या मार्च महिन्यांत फिलिपीनबाई व त्यांच्या चार सोबतिणी रेबेका नांवाच्या शिडाच्या जहाजानें निघाल्या. त्या वेळीं त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें. ज्या वयांत माणूस हातीं घेतलेलें काम आवरूं लागतो, त्या वयांत त्यांनीं नवें काम आरंभिलें. जहाज दहा आठवडे समुद्रावर होतें. ता. २९ मे रोजीं, नेमक्या येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाच्या दिवशीं, त्या न्यू ऑर्लिन्स शहरीं पोहोंचल्या. तेथील उर्सुलाइन भगिनींनीं त्यांचा पाहुणचार केला. पुढें मिसिसिपी नदीनें आगबोटींतून महिन्याहून अधिक काळ प्रवास करून ऑगस्टमध्यें त्या सेंट लुई येथें उतरल्या.

येथें पहिली निराशा वाट पाहत होती. सेंट लुई हें वाढतें शहर. शाळा तेथें निघावी अशी त्यांची अपेक्षा. बिशपसाहेबांनीं मात्र त्यांना मिसूरी नदीकांठच्या सेंट चार्ल्स या आडगांवीं धाडलें. शिवाय ज्या मूळ रहिवाशांसाठीं त्यांनीं घरदार सोडलें, त्यांची शाळा तूर्त काढावयाची नव्हती; आलेल्या वसाहतवाल्यांच्या मुलींना शिकवावयाचें होतें. नव्या शिक्षकाच्या मनांतील शाळा एक असते आणि त्याच्या वाट्याला येते ती दुसरी, हें सर्वांच्याच अनुभवाचें आहे. फिलिपीनबाईंनीं वाट्याला आलेली शाळा पत्करली.

ओंडक्यांच्या घरांतील शाळा

ता. १४ सप्टेंबर १८१८, पवित्र क्रुसाच्या उत्थापनाचा सण. त्या दिवशीं भाड्यानें घेतलेल्या एका ओंडक्यांच्या घरांत शाळा उघडली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस मोफत शिक्षण देणारी ती पहिली शाळा होय. त्याच छपराखालीं फी देणाऱ्या मुलींचें वसतिगृहही होतें, कारण त्या फीवरच घर चालवावयाचें होतें. पण गांव दूर पडल्यामुळें फी देणाऱ्या मुली थोड्या आल्या व गरिबांच्या मुली पुष्कळ. शिकवावयास उत्साह होता, पण हातीं पैसा नव्हता.

हिवाळा आला तेव्हां त्यांना त्या देशाची खरी ओळख झाली. मिसूरी नदी गोठली आणि घराच्या फटींतून वारा आंत शिरूं लागला. पाणी आणून देण्यास किंवा लांकडें फोडण्यास मजूर मिळेना. मिळाला तर त्याला द्यावयास पैसा नसे. फ्रान्समध्यें सुखवस्तु घरांत वाढलेल्या फिलिपीनबाई आतां स्वतः सर्पण गोळा करीत, गाईचें पाहत, बागेंत खणीत, आणि सर्व निजल्यावर दिव्याच्या उजेडांत मुलींचे व भगिनींचे फाटके कपडे शिवीत बसत.

वर्षभरानें, १८१९ च्या सप्टेंबरांत, गाईगुरें व कोंबड्या यांसह सारा संसार नदीपार फ्लोरिसंट येथें हलविण्यांत आला. तेथें १८२० सालीं नव्या उमेदवार भगिनींचें घर निघालें व त्याच देशांत जन्मलेल्या मुली संघांत येऊं लागल्या.

न येणारी भाषा

आतां त्यांच्या जीवितांतील सर्वांत मोठ्या क्लेशाकडे वळूं. मिसूरी प्रांतांत जुने फ्रेंच वसाहतवाले पुष्कळ होते. त्यांच्याशीं फिलिपीनबाई सुखानें बोलत. परंतु पूर्वेकडून इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचा लोंढा येत होता. १८२१ सालीं मिसूरी हें संयुक्त संस्थानांतील एक राज्य झालें, आणि शाळेंत इंग्रजीचें महत्त्व दिवसेंदिवस वाढूं लागलें. पन्नाशीच्या घरांत आलेल्या या बाईंनीं ती भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, पण जीभ वळेना. ज्या शिक्षिकेला विद्यार्थिनीची थट्टा समजत नाहीं, आईबापांची तक्रार दुसऱ्याकडून समजून घ्यावी लागते आणि मनांतला उपदेश ओठांवर येतांच अडतो, तिची स्थिति काय होत असेल हें ज्यांनीं परमुलखीं नोकरी केली आहे त्यांना सांगावयास नको. आपण या कामास निरुपयोगी आहों असें त्या मदर बारांना वारंवार लिहीत आणि वरिष्ठपदावरून मोकळें करण्याची विनंति करीत.

परंतु त्यांनीं एक गोष्ट केली, आणि तींतच त्यांचें मोठेपण आहे. जें आपणांस येत नाहीं तें ज्यांना येतें त्यांच्या हातीं त्यांनीं निःसंकोच दिलें. त्यांच्या सोबतीण मदर ओक्तावी बेर्तोल्द यांनीं इंग्रजी आत्मसात केली. वर्ग त्यांच्याकडे गेले. दुसऱ्या सोबतीण मदर युजेनी ओदे यांना १८२१ सालीं लुईझियानांतील ग्राँ कोतो येथें नवी शाळा काढण्यास पाठविलें. देशांत जन्मलेल्या तरुण भगिनी फळ्याजवळ उभ्या राहूं लागल्या. फिलिपीनबाईंनीं स्वतःकडे ठेविलें तें आजाऱ्यांच्या उशाशीं बसणें, पत्रव्यवहार, शिवण, बाग आणि प्रार्थना. १८२७ सालीं सेंट लुई येथें शाळा व अनाथ मुलींचें घर निघालें. १८२८ पर्यंत संघाचीं सहा घरें त्या खोऱ्यांत उभीं राहिलीं.

एक उणीव

संतांच्या चरित्रांत केवळ तेजच दाखवावें असें नाहीं. मिसूरी व लुईझियाना या दोन्हीं ठिकाणीं त्या काळीं गुलामगिरी कायदेशीर होती. कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या मुलींबरोबर शाळेंत घेतां येत नसे, आणि फिलिपीनबाईंच्या कारकीर्दींत संघाच्या घरांतही गुलाम राबत होते. परदेशांत रुळतांना तेथील चांगल्याबरोबर तेथील पापही माणसाच्या अंगवळणीं कसें पडतें, याचें हें दुःखद उदाहरण होय. २०१८ सालीं याच संघाच्या भगिनींनीं त्या गुलामांच्या वंशजांसह ग्राँ कोतो येथें जमून झाल्या अन्यायाची जाहीर कबुली दिली. सत्य सांगितल्यानें संतांचा मान कमी होत नाहीं. देवाची कृपा अपुऱ्या माणसांतूनच काम करते हें त्यानें कळतें.

शुगर क्रीक

१८४० सालीं त्यांना वरिष्ठपदावरून मोकळें करण्यांत आलें. आतां विश्रांति घ्यावी असें कोणालाही वाटलें असतें. परंतु लहानपणीं ऐकलेल्या गोष्टी अजून मनांत जाग्या होत्या. कॅन्सास प्रदेशांत शुगर क्रीक येथें पोटावाटोमी जमातीचे कॅथोलिक लोक राहत होते. १८३८ सालीं इंडियाना राज्यांतून त्यांना सैनिकांच्या पहाऱ्यांत हांकून देण्यांत आलें होतें. सुमारें साडेआठशें माणसें ६६० मैल चालत निघालीं. वाटेंत चाळीसांहून अधिक दगावलीं, त्यांत बहुतेक लहान मुलें होतीं. त्यांच्या मुलींसाठीं १८४१ सालीं शाळा निघावयाची होती. फिलिपीनबाईंचें वय व प्रकृति पाहून त्यांना नेऊं नये असें अनेकांस वाटलें. पण जेज्वीटांचे वरिष्ठ फादर व्हेरहेगन यांनीं आग्रह धरला. दुसरें कांहीं झालें नाहीं तरी त्यांच्या प्रार्थनेनें मिशनला यश येईल, असें त्यांचें म्हणणें होतें.

पस्तीस वर्षें ज्या लोकांची वाट पाहिली त्यांच्यामध्यें त्या अखेर पोहोंचल्या, आणि तेथेंही भाषेची भिंत उभी राहिली. पोटावाटोमी भाषा त्यांना मुळींच साधेना. इतर भगिनी ती शिकल्या व मुलींना वाचन, शिवण, धर्मशिक्षण देऊं लागल्या. फिलिपीनबाई मोजे विणीत, आजाऱ्यांना भेटत आणि उरलेला वेळ देवळांत गुडघ्यांवर असत. त्या लोकांनीं त्यांना आपल्या भाषेंत नांव दिलें. त्याचा अर्थ, नित्य प्रार्थना करणारी बाई. अशी एक गोष्ट सांगतात कीं, रात्रभर त्या खरोखरच हलत नाहींत काय हें पाहण्यासाठीं कोणीं त्यांच्या झग्याच्या घोळावर मक्याचे दाणे ठेविले, आणि सकाळीं ते जागच्या जागीं सांपडले. एकही शब्द न बोलतां त्यांनीं दिलेला धडा त्या लोकांना पुरेपूर समजला होता.

अखेर

वर्षभरांत प्रकृति ढासळली व १८४२ सालीं त्यांना सेंट चार्ल्स येथें परत आणण्यांत आलें. देवळाजवळच्या एका चिमुकल्या खोलींत त्यांनीं शेवटचीं दहा वर्षें काढलीं. आपल्या हातून कांहींच नीट झालें नाहीं, ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती. ता. १८ नोव्हेंबर १८५२ रोजीं वयाच्या ८३ व्या वर्षीं त्यांनीं प्रभूच्या हातीं प्राण सोंपविला. ता. १२ मे १९४० रोजीं पोप बारावे पायस यांनीं त्यांना धन्य म्हणून, आणि ता. ३ जुलै १९८८ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संत म्हणून जाहीर केलें. त्यांना धन्यपद मिळालें त्याच १९४० सालीं त्यांच्या संघानें मुंबईंत सोफिया कॉलेज काढलें. तेथें शिकून आपल्या समाजांतील किती तरी मुली स्वतः शिक्षिका झाल्या आहेत.

प्रिय वाचकहो, आपल्याही मुली व मुलगे आज दूरदेशीं शिक्षक, परिचारिका, धर्मभगिनी व धर्मगुरु होऊन जातात. पहिल्या हिवाळ्यांत, पहिल्या वर्गांत, पहिल्या एकाकी सणाला त्यांचें मन खचतें. त्यांना या संताची आठवण द्यावी. ज्या देशांत आपला शब्द पोहोंचत नाहीं तेथें आपला हात पोहोंचतो, आणि जेथें हातही थकतात तेथें प्रार्थना पोहोंचते. आपलें काम फुकट गेलें असें फिलिपीनबाईंना वाटलें. फळ देवानें ठेविलें होतें, तें त्यांनीं पाहिलें नाहीं इतकेंच. ज्यांनीं अडखळत्या मराठींत आपल्या आजोबा-पणजोबांना क्रुसाची खूण शिकविली, त्यांनाही आपल्या श्रमाचें फळ क्वचितच दिसलें असेल. या ज्युबिलीच्या दिवशीं आपण त्यांच्यासाठीं कृतज्ञतेनें प्रार्थना करूं या, आणि संत फिलिपीन यांच्या विनवणीनें परदेशीं असलेल्या आपल्या सर्व मुलांचें रक्षण होवो, अशी प्रभूपाशीं याचना करूं या.