रंग नावाचा माणूस

मंडळाच्या पिकनिकला हमखास प्रश्न येतो, तू लॅबमध्ये नक्की करतेस काय? तर मंडळी, मी विहिरींच्या पाण्यात बेंझीनसारखी भुर्रकन उडून जाणारी रसायनं शोधते. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडासुद्धा चालत नाही, कारण जे शोधायचं तेच त्यात निसटतं. मग पाण्यातून हेलियम सोडायचा. तो ती रसायनं उचलून एका नळीत अडकवतो. ती नळी तापवली की पुढच्या लांबलचक, केसासारख्या नळीतून ती एकेक सुटी होऊन येतात. हे सुटं करणं म्हणजे क्रोमॅटोग्राफी, मिखाईल त्स्वेतची देणगी.

त्स्वेत १८७२ साली इटलीतल्या आस्तीला जन्मला. आई इटालियन, ती लवकरच गेली. वडील रशियन. वाढला स्वित्झर्लंडमध्ये, १८९६ला जिनिव्हाची डॉक्टरेट घेतली आणि रशियात आला, तर तिथे ती पदवी चालेना! पुन्हा काझानला मास्टर्स. (इथे आल्यावर पुन्हा परीक्षांना बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.)

१९०३ला वॉर्सात त्याने आपली पद्धत मांडली. काचेच्या नळीत खडूची बारीक पूड, वरून पानांचा अर्क, त्यावर विद्रावक ओतत राहायचं. प्रत्येक द्रव्य पुडीला कमीजास्त चिकटतं, म्हणून हिरवे-पिवळे पट्टे वेगळे होतात. हरितद्रव्य एक नाही, दोन आहेत, हे त्यात लख्ख दिसलं. १९०६मध्ये त्याने पद्धतीला रंगावरून नाव दिलं. रशियनमध्ये त्स्वेत म्हणजेच रंग! मला तरी हा योगायोग वाटत नाही.

पण मोठे रसायनशास्त्रज्ञ साशंकच राहिले. पुडीत द्रव्यं बिघडतात, असं विल्स्टेटरला वाटे, आणि १९१५चं नोबेल हरितद्रव्याच्या कामासाठी मिळालं ते त्यालाच. त्याच वर्षी जर्मन सैन्य वॉर्सात शिरलं, त्स्वेतला बाडबिस्तरा गुंडाळावा लागला. पुढे तार्तूला प्रोफेसर झाला, १९१८ला जर्मन तिथेही पोचले. व्होरोनेझला १९१९मध्ये तो गेला, वय अवघं ४७.

१९३१ला हायडेलबर्गमध्ये ही पद्धत पुन्हा जिवंत झाली, तीही विल्स्टेटरचाच शिष्य कून याच्या लॅबमध्ये. १९५२ला जेम्स आणि मार्टिननी द्रावणाऐवजी वायू वापरला, १९७४ला सिनसिनाटीत बेलर आणि लिख्टेनबर्गनी पाण्यातून वायू सोडायची युक्ती जोडली.

मध्यंतरी एका घरच्या विहिरीचं पाणी आलं, घरात तान्हं बाळ. माझ्या नळीत रंग दिसत नाहीत, स्क्रीनवर नुसती टोकं उठतात. बेंझीनच्या वेळेला एक उठलं. अमेरिकेत मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम, हे ९ होतं. सॅंपल पुन्हा चालवलं, तेच. संध्याकाळच्या आत त्यांना फोन गेला.