मीराबेन आणि बांजाचे रान

मीराबेन म्हटले की पांढऱ्या खादीतली, केस कापलेली, गांधीजींच्या मागून झपाझप चालणारी उंच गोरी स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले, तेव्हाच्या छायाचित्रांत त्या आहेत. सेवाग्रामच्या छायाचित्रांतही आहेत. त्यांची चरित्रे बहुधा तिथेच संपतात. वास्तविक गांधीजींच्या मागे त्या चौतीस वर्षे जगल्या, आणि त्यांतली पहिली अकरा वर्षे हिंदुस्थानातच राहिल्या. त्या काळात हिमालयाच्या पायथ्याशी व दऱ्याखोऱ्यांत राहून त्यांनी जे पाहिले, ते मला त्यांच्या आयुष्यातले फार मोलाचे संचित वाटते. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे समितीने सुचविले, तेव्हा मी मीराबेनची निवड केली ती याच भागासाठी. गेली दोन वर्षे आपले मंडळ टेकडीवर झाडे लावीत आहे, आणि कोणती झाडे लावावीत यावरून आपल्या बैठकांत जे खडाजंगी वाद होतात, ते साऱ्या भगिनींना ठाऊकच आहेत!

मीराबेनचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडातला. वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते. ते वरचेवर समुद्रावर असत, म्हणून या मुलीचे बालपण बरेचसे आजोळी, डॉर्किंगजवळच्या मिल्टन हीथ या घरी गेले. तिथे बाग होती, गायी होत्या, घोडे होते. माणसांच्या गर्दीपेक्षा झाडे आणि जनावरे यांतच तिचे मन रमे. वडिलांची नेमणूक मुंबईला झाली, तेव्हा ती त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातही राहून गेली. पण राज्यकर्त्यांच्या मेजवान्या आणि नाच यांपलीकडचा हिंदुस्थान तिला त्या वेळी दिसलाच नाही.

पुढे बीथोवेनच्या संगीताने तिला वेड लावले. त्याच नादात ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेली, आणि रोलाँ यांनी लिहिलेल्या गांधीचरित्राने तिचे आयुष्यच पालटले. वर्षभर तिने घरीच तयारी केली. मांसाहार सोडला, जमिनीवर बसायला शिकली, सूत कातू लागली. ६ नोव्हेंबर १९२५ रोजी ती मुंबईला उतरली आणि दुसऱ्या दिवशी साबरमतीला पोहोचली. मीरा हे नाव गांधीजींनीच दिले. पुढची हकीकत आपल्याला पाठ आहे, म्हणून ती मी लांबवीत नाही.

वर्ध्याचा काळ मात्र सोडवत नाही. वर्ध्याजवळच्या सिंदी गावी त्या रोज गावसफाई करीत. नंतर सेगावला जाऊन राहिल्या, आणि १९३६ साली गांधीजी तेथे आले. त्याच सेगावचे पुढे सेवाग्राम झाले. ज्या भगिनी सेवाग्रामला जाऊन आल्या असतील त्यांनी बापूकुटी पाहिलीच असेल. ती कुटी मुळात मीराबेनची. तिच्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने आपल्या हातांनी ताडाची झाडे उठविली आहेत. मी ती पाहिली तेव्हा बराच वेळ तेथे थबकले होते. या बाईला झाडाचा आकार नुसत्या डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ठाऊक होता, असे मला वाटून गेले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनाही गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. महादेवभाई आणि कस्तुरबा या दोघांचे मृत्यू त्यांनी त्याच वास्तूत पाहिले. १९४४ साली सुटका झाल्यावर त्यांनी उत्तरेकडची वाट धरली. शेती आणि गुरे यांचे काम आपण स्वतंत्रपणे करावे असे त्यांच्या मनाने घेतले होते. प्रथम रूडकीजवळ किसान आश्रम काढला, आणि १९४७ साली हृषीकेशजवळ गंगेकाठी पशुलोक उभे केले. म्हाताऱ्या, भाकड गुरांना आसरा आणि चांगल्या गुरांची पैदास हे त्याचे काम. ३० जानेवारी १९४८ ची वार्ता त्यांना तिथेच कळली. त्या दिल्लीला धावल्या नाहीत, पशुलोकातच राहिल्या. ज्यांच्यासाठी घरदार सोडले त्यांच्या अंत्यदर्शनालाही न जाण्याइतके मन आवरणे आपल्यापैकी कितीजणींना जमेल?

पशुलोकातून दर पावसाळ्यात त्यांना गंगेचे उग्र रूप दिसे. वरून गढूळ पाण्याचे लोंढे येत, त्यांत उन्मळलेली झाडे असत, गुरे असत, मोडलेली घरे असत. पूर हा नदीचा धर्मच, असे म्हणून आपण गप्प बसतो. मीराबेन गप्प बसल्या नाहीत. हे पाणी डोंगरावर का थांबत नाही, हा प्रश्न त्यांनी धरला आणि उत्तर शोधायला त्या वर डोंगरात गेल्या. १९५२ साली टिहरी गढवालमध्ये भिलंगना नदीच्या खोऱ्यात त्यांनी गोपाळ आश्रम काढला. सभोवारच्या वनांतून त्यांची पायपीट सुरू झाली.

जंगलतोड झाली म्हणून पूर येतो, एवढे त्या काळीही पुष्कळजण म्हणत. मीराबेनचे म्हणणे याच्या एक पायरी पुढे होते. डोंगर हिरवा दिसतो एवढ्यावर भुलू नका, तो कोणत्या झाडाने हिरवा आहे ते पाहा, असा त्या लेखणीने आणि तोंडाने धोशा लावीत. गढवालच्या मधल्या उंचीवर, साधारण पाच हजार फुटांपासून वर, पूर्वी बांजाची दाट राने असत. बांज हा ओकच्या जातीचा वृक्ष, बारमाही हिरवा आणि सावकाश वाढणारा. त्याच्या पानांचा थर खाली कुजत राहतो आणि जमिनीवर जणू जाड गोधडीच पसरते. पाऊस त्या गोधडीत मुरतो, आणि झऱ्याच्या रूपाने उन्हाळ्यापर्यंत पुरतो. बांजाखाली झुडपे वाढतात, गवत वाढते, बुरांशाची तांबडी फुले फुलतात. त्याचा पाला हिवाळ्यात गुरांना घालतात, वाळलेली पाने गोठ्यात अंथरून त्यांचे खत करतात, लाकूड नांगराला आणि चुलीला येते. डोंगरातल्या बाईचा सारा संसार या एका झाडाला टांगलेला असतो, म्हणा ना!

बांजाची जागा चीड घेत चालला होता. चीड हाही हिमालयाचाच वृक्ष, त्याच्या नैसर्गिक उंचीवर तो शोभतो. त्याला परका म्हणणे बरोबर होणार नाही. पण इंग्रजी अमदानीपासून वनखात्याची मर्जी त्याच्यावर बसली होती. तो लवकर वाढतो, सरळ वाढतो, रेल्वेच्या स्लीपरांना उपयोगी पडतो. शिवाय त्याच्या रसापासून राळ आणि टर्पेंटाईन निघते. दरवर्षी पैसा देणारे झाड! मात्र त्याच्या सुयांसारख्या पानांची गोधडी होत नाही. त्या निसरड्या थरावरून पाणी घसरते आणि माती घेऊन खाली जाते. उन्हाळ्यात या वाळल्या पानांना, तिकडे त्यांना पिरूळ म्हणतात, एक ठिणगी पुरते. वणव्यातून जाड सालीचा चीड वाचतो, बांजाची कोवळी रोपे मात्र जळून जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा चीडच उगवतो. असे हे दुष्टचक्र. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडात जे वणवे भडकले, त्यांच्या बातम्यांत पिरुळाचा उल्लेख आपण वाचलाच आहे.

मीराबेनने दोष एकट्या सरकारच्या माथी मारला नाही, हे मला फार आवडते. बांज कमी होत गेला तसतसा उरलेल्या बांजावर चाऱ्याचा आणि सरपणाचा सारा भार पडला. गावकरी त्याच्या फांद्या पार बुडापर्यंत सवळू लागले, गुरे रोपे खाऊ लागली, आणि अशक्त झालेल्या रानात चिडाला आयताच शिरकाव मिळाला. मग उपाय काय? वरच्या टापूत घुसलेला चीड विरळ करावा, बांजाला व त्याच्या खालच्या झुडपांना डोके वर काढू द्यावे, रानाचा एकेक भाग पाळीपाळीने चराईला बंद ठेवावा, फांद्या रीतीने तोडाव्यात. यातले एकही काम गावकऱ्यांना वगळून होण्यासारखे नाही, असे त्यांचे ठाम मत होते. रानाचा पहारेकरी आणि रानाची गरजवंत यांच्यात वैर असेल, तर रान वाचायचे कसे? हे विचार त्यांनी लेख लिहून मांडले, राज्यकर्त्यांच्या कानांवर घातले. परंतु चिडाचे उत्पन्न डोळ्यांपुढे दिसत असताना झऱ्याचे उत्पन्न कोण मोजणार? सरकारी धोरण त्यांच्या लिहिण्याने बदलले नाही.

आपल्या टेकडीचा वाद मला इथे आठवल्यावाचून राहत नाही. पूर्वी कोणा योजनेतून तिच्यावर गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, ओळीने लावली गेली. टेकडी हिरवी झाली खरी. पण तिच्याखाली गवत धड येत नाही, आणि शेळीसुद्धा तिला तोंड लावीत नाही. आता पुन्हा झटपट वाढणारीच रोपे आणावीत, म्हणजे वर्धापनदिनाच्या छायाचित्रात हिरवळ दिसेल, असे काहीजणींचे म्हणणे आहे. मेडशिंगी, धावडा, सालई असली इथली झाडे हळू वाढतात हे मलाही मान्य आहे. बांजही हळूच वाढतो!

मीराबेनच्या स्वभावातली एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. त्या एका जागी टिकत नसत. रूडकीचा आश्रम सोडून पशुलोक, पशुलोक सोडून गोपाळ आश्रम, तो सोडून काश्मिरात गुरांच्या पैदाशीचा प्रयोग. एकेक काम रुजण्यापूर्वीच त्यांचे मन पुढे धाव घेई. त्यांची निष्ठा कमी होती असे कोण म्हणेल? पण रानाचे काम वीस-वीस, तीस-तीस वर्षांचे असते. ते अशाच माणसाच्या हातून पुरे होते, ज्याला रोज सकाळी त्याच वाटेने चाऱ्याला जायचे आहे.

१९५९ साली मीराबेनने हिंदुस्थान सोडला. काही काळ इंग्लंडात राहून त्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या खेड्यांत जाऊन राहिल्या. बीथोवेनच्या मुलखात, जिथून त्यांचा सारा प्रवास मनाने सुरू झाला होता. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ रोजी त्या निवर्तल्या.

त्यांनी पाहिलेले सत्य मात्र डोंगरात राहिले. १९५६ साली सुंदरलाल बहुगुणा आणि विमलाबाई यांनी त्याच भिलंगनाच्या परिसरात, सिल्यारा येथे आश्रम काढून संसार मांडला; मीराबेनच्या विचारांचे ऋण बहुगुणा मानीत. २६ मार्च १९७४ रोजी चमोली जिल्ह्यातल्या रेणी गावी, पुरुषमंडळी बाहेर गेलेली असताना, महिला मंगल दलाच्या अध्यक्षा गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी ठेकेदाराच्या माणसांना रानातून परत धाडले. ती कथा सर्वश्रुत आहे. मला त्याहून अधिक ओढ वाटते ती त्यानंतरच्या, वर्तमानपत्रांत फारशा न आलेल्या कामाची.

टिहरी जिल्ह्यातल्या जरधारगावचे उदाहरण घ्या. तिथे बोडक्या झालेल्या डोंगरासाठी गावकऱ्यांनी १९८० साली वनसुरक्षा समिती स्थापली. विजय जरधारी हे त्यातले पुढाकार घेणारे. चराईचे व तोडीचे नियम गावानेच केले, राखणदार गावानेच नेमले आणि त्यांचा मेहनताना घराघरांतून गोळा केला. तिथे फार लागवड करावी लागली नाही. जमिनीत जिवंत असलेल्या बुंध्यांना आणि मुळांना नुसती उसंत मिळाली, आणि बांज-बुरांशाचे रान आपल्या पायांवर पुन्हा उभे राहिले.

पौडी जिल्ह्यातल्या दुधातोली भागात सच्चिदानंद भारती या शाळामास्तरांनी उफरैंखाल गावापासून असेच काम सुरू केले. शंभरावर गावांत महिला मंगल दले निघाली. बायकांनी उतारांवर पाणी मुरविणारी लहान लहान तळी खणली, बांज, बुरांश, काफळ लावले. सुका रौला म्हणून ओळखला जाणारा एक कोरडा ओढा पुन्हा वाहू लागला, आणि लोकांनी त्याचे नाव गाडगंगा ठेवले.

तिथल्या राखणीची रीत तर ऐकण्याजोगी आहे. पहारेकरी नेमलेला नाही, पगार नाही. घुंगरे बांधलेली एक काठी आहे. जिची पाळी ती काठी घेऊन रानात जाते, चालताना घुंगरे वाजतात, आणि इतर पाळीवाल्या कुठे आहेत हे आवाजावरून एकमेकींना कळते. संध्याकाळी घरी परतताना ती आपली काठी शेजारणीच्या दाराशी टेकवून ठेवते. सकाळी दार उघडल्यावर काठी दिसली, की आजची पाळी आपली.