छत्रपती थोरले शाहू महाराज : शिकारीचा छंद आणि माहुलीचा खंड्या



परिसर अभ्यास शिकवताना आपण महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरातून निघणाऱ्या पाच नद्यांची नावं मुलांकडून पाठ करून घेतो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. यांतली वेण्णा साताऱ्याच्या पूर्वेला माहुली इथे पुन्हा कृष्णेला भेटते. या संगमावर सातारच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. तिथेच छत्रपती थोरले शाहू महाराजांची समाधी आहे, आणि एका कुत्र्याचीही! मुलं सहलीला गेली की पहिला प्रश्न कुत्र्याबद्दलच विचारतात. म्हणून आजचा हा पाठ.

शाहू महाराजांचा जन्म 18 मे 1682 रोजी माणगावजवळ गांगवली इथे झाला. ते छत्रपती संभाजी महाराज आणि महाराणी येसूबाई यांचे पुत्र. आजोबांच्या नावावरून त्यांचंही नाव शिवाजी ठेवलं होतं. 1689 च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचे बाळराजे आईसह औरंगजेबाच्या कैदेत गेले. आपल्या वर्गातल्या दुसरीच्या मुलाचं वय ते!

पुढची सुमारे अठरा वर्षं त्यांनी मोगल छावणीत काढली. छावणी हलेल तिथे कैदीही हलत. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिने मात्र या माय-लेकरांना मायेने वागवलं. 1707 मध्ये औरंगजेब वारला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडलं. येसूबाईंना सोडलं नाही. आईला मागे ठेवूनच हा पंचवीस वर्षांचा तरुण दक्षिणेकडे निघाला.

वाटेत एक प्रसंग घडला. पारद गावाशी चकमक झाली. ती संपल्यावर एका बाईने आपलं लहान मूल आणून महाराजांच्या पायाशी घातलं. महाराजांनी ते मूल उचललं आणि मुलासारखं वाढवलं. त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचे हे मूळपुरुष. ज्याचं स्वतःचं बालपण कैदेत गेलं, त्याने शत्रूपक्षाच्या बाळाला घर दिलं. एवढी एक गोष्ट मुलांना नीट कळली तरी पाठाचं काम झालं असं समजा.

गादी मात्र सहज मिळाली नाही. चुलती महाराणी ताराबाई यांनी विरोध केला. खेडच्या लढाईत धनाजी जाधवराव शाहूंना येऊन मिळाले, मग साताऱ्याचा किल्ला हाती आला. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. येसूबाई मात्र 1719 मध्येच सुटून आल्या. म्हणजे मायलेकांची भेट व्हायला बारा वर्षं लागली.

शाहू महाराज स्वतः फारसे रणांगणावर गेले नाहीत. मिरजेच्या मोहिमेवर मात्र ते जातीने गेले होते. 1739 मध्ये मिरज हाती आली. एरवी माणसं पारखायची, काम सोपवायचं आणि विश्वास ठेवायचा ही त्यांची पद्धत. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ, 1720 मध्ये अवघ्या विशीतले बाजीराव, 1740 मध्ये नानासाहेब असे तीन पेशवे त्यांनीच नेमले. बाजीरावांच्या वेळी तर जुन्या जाणत्या मंडळींना इतका तरुण माणूस पसंत नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत मराठी फौजा गुजरात, माळवा, बुंदेलखंडात पोचल्या. डोंगरावरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसवलं. शाहूनगर म्हणजेच आजचं सातारा.

आता छंदाकडे येऊ. महाराजांना शिकारीचं फार वेड. शिकारी कुत्री, ससाण्यासारखे शिकारी पक्षी, चांगले घोडे हे सगळं त्यांच्याकडे असे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद छापले, त्यांत शाहू आणि पेशव्यांच्या खासगी आयुष्याबद्दलचे कागदही आहेत. ते चाळले की राजाही आपल्यासारखाच आवडीनिवडी असलेला माणूस होता हे लक्षात येतं.

त्यांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव खंड्या. गोष्ट अशी सांगतात की, एकदा शिकारीत वाघ महाराजांवर चालून आला. खंड्या आधीच भुंकला, महाराज सावध झाले आणि वाचले. मग त्यांनी खंड्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. दुसरी गोष्टही प्रसिद्ध आहे. इंद्रोजी कदम नावाचे सरदार मोठ्या थाटामाटाने, दागिने घालून भेटीला येणार होते. महाराजांनी आपली पगडी आणि जडजवाहीर खंड्याच्या अंगावर चढवलं आणि स्वतः साध्या वेशात बसले. सरदार काय समजायचं ते समजले! वाघाची ही गोष्ट साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याने 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासातही नोंदवली आहे.

आता शिक्षक म्हणून इथे थोडं थांबायला हवं. ग्रँट डफचं पुस्तक महाराजांच्या निधनानंतर पाऊणशे वर्षांहून जास्त काळाने आलं. गावागावांत गोष्टीचे तपशीलही बदलतात. म्हणून मी फळ्यावर दोन रकाने करते. एकात ‘कागदात आहे’ आणि दुसऱ्यात ‘लोक सांगतात’. जन्मसाल, राज्याभिषेक, पेशव्यांच्या नेमणुका पहिल्या रकान्यात जातात. वाघ, पगडी दुसऱ्यात. समाधी कुठे लिहायची यावर मुलं भांडतात. ती तर डोळ्यांना दिसते! दिसणारी वस्तू हाही पुरावाच असतो. पण समाधी कुत्र्याबद्दलचं प्रेम सांगते, वाघ किती मोठा होता ते सांगत नाही. चौथीच्या मुलांनाही हा फरक कळतो. आणि असं केल्याने गोष्टीची गोडी अजिबात कमी होत नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो : मग शिकार चांगली का? त्या काळी जंगल अफाट होतं आणि शिकार हा राजांचा नेहमीचा छंद होता. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपल्या कोयना-चांदोलीच्या रानाला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणून जपायची वेळ आली आहे. महाराजांना दोष देऊ नये, पण त्यांचा हा छंद मुलांपुढे आदर्श म्हणूनही ठेवू नये. ठेवायची ती त्यांची कृतज्ञता. मुक्या जनावराचे उपकारही त्यांनी विसरायचे नाहीत असं ठरवलं.

15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यात महाराजांचं निधन झालं. सातव्या वर्षी सगळं गमावलेल्या या मुलाने पुढे चाळीसहून अधिक वर्षं राज्य केलं. मनात कडवटपणा धरून बसला असता तर कोणी नावं ठेवली नसती. तो तसा बसला नाही, म्हणून हे चरित्र मुलांना सांगायचं.

वर्गात घेण्यासाठी उपक्रम :
1. महाबळेश्वर ते माहुली असा वेण्णेचा प्रवास नकाशावर रंगवा.
2. आजी-आजोबांकडून आपल्या गावातली एक जुनी गोष्ट ऐका आणि दोन रकान्यांत लिहा.
3. आपल्यावर उपकार केलेल्या एखाद्या प्राण्याबद्दल पाच ओळी लिहा.

पालकांनो, माहुलीला गेलात तर मुलांना घाई करू नका. त्यांना खंड्याजवळ जरा वेळ थांबू द्या.