गोपिकाबाई पेशवे : वैभवातील एक एकाकी जीवन

गुम्मिडिपूंडीसारख्या दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या मुलांना बाजीरावांच्या स्वाऱ्या आणि पानिपतचा रणसंग्राम पाठ्यपुस्तकांतून किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ठाऊक असतो. परंतु शनिवारवाड्याच्या अंतःपुरात ज्यांनी त्या इतिहासाची किंमत मोजली, त्या स्त्रियांची ओळख सहसा होत नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही गोपिकाबाईंचे चरित्र थोडक्यात सादर करीत आहोत.

गोपिकाबाई वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या. १७३० साली, अगदी बालवयात, बाजीरावांचे ज्येष्ठ पुत्र बाळाजी ऊर्फ नानासाहेब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७४० साली नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि गोपिकाबाई पेशवीणबाई झाल्या. विश्वासराव, माधवराव व नारायणराव हे त्यांचे पुत्र. माधवरावांचा जन्म १७४५ साली सावनूर येथे झाला, हे आपणा दक्षिणेत वसलेल्यांना विशेष वाटेल.

बाहेरून पाहता या संसारात काही उणे नव्हते. आत मात्र दीर सदाशिवरावभाऊंचे वाढते वजन गोपिकाबाईंना सलत असे. विश्वासरावांना पानिपतच्या मोहिमेवर धाडण्यामागे त्यांचाच आग्रह होता, असा ठपका पुढे त्यांच्यावर ठेवला गेला. एका आईच्या माथी एवढ्या मोठ्या पराभवाचा भार टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

पानिपतावर मराठी फौज कोंडीत सापडली असता, डिसेंबर १७६० मध्ये नानासाहेबांनी पैठण मुक्कामी राधाबाई नावाच्या अल्पवयीन मुलीशी दुसरे लग्न केले. राजघराण्यांत असे विवाह नवे नव्हते. पण तीस वर्षांच्या सहचारिणीला तो घाव कसा लागला असेल, याची कल्पना करता येते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, विश्वासराव रणांगणावर पडले. २३ जून रोजी खचलेल्या नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. पुत्रशोक आणि वैधव्य ही दोन्ही सहा महिन्यांच्या आत गोपिकाबाईंच्या वाट्याला आली.

सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. ते करारी होते. कारभारात आईचा शब्द अखेरचा राहू देईनात. दुरावा वाढला आणि गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूर येथे जाऊन राहिल्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने माधवरावांचा अंत झाला. सून रमाबाई सती गेल्या. वर्ष पुरे होण्याच्या आतच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांची हत्या केली. त्या कटात दीर रघुनाथराव व जाऊ आनंदीबाई यांची नावे घेतली गेली. घरच्याच माणसांनी घराचा दिवा विझवावा, याहून दारुण काय असणार?

तरीही ही माऊली विझली नाही. १७७४ साली पुरंदरावर नातू सवाई माधवराव जन्मले. त्यांची आई गंगाबाई १७७७ साली वारल्या. गोपिकाबाईंनी दूर गंगापुरी राहून या पोरक्या नातवाला पत्राद्वारे दिनचर्या, अभ्यास आणि वागणूक यांविषयी उपदेश केला. १७८८ साली त्यांचे देहावसान झाले.

त्या हट्टी होत्या, मानी होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कारभारातून दूर झालेल्या, घरापासून अंतरलेल्या या वृद्धेने नातवाच्या संस्काराची जबाबदारी सोडली नाही. दूरदेशी राहून मुलानातवंडांना आपली भाषा व रीतभात देऊ पाहणाऱ्या आपल्या मंडळातील आजींना गोपिकाबाईंचा हा उत्तरकाळ अधिक जवळचा वाटेल, अशी आमची खात्री आहे.