कोंबडीच्या गाठीने कॅन्सरचं गूढ उकललं, पण नोबेल मिळायला ५५ वर्षं लागली

साल १९०९. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एक कोंबडी आणली गेली. तिच्या छातीत गाठ होती. ती तपासायला घेतली तिशीतल्या डॉ. पेटन राऊस यांनी.

राऊस मूळचे बाल्टिमोरचे, जन्म १८७९ चा. डॉक्टरकी शिकताना शवविच्छेदनात बोटाला जखम झाली आणि टीबी जडला. शिक्षण सोडून ते टेक्सासमध्ये गुरं राखायला गेले. बरे होऊन परतले आणि पुढे संशोधनात रमले.

त्यांनी ती गाठ वाटली आणि तिचा रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी आणि जीवाणू दोन्ही अडकतील. तो रस निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही कॅन्सर झाला! म्हणजे कारण होता विषाणू. १९११ मध्ये हे छापून आलं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कॅन्सर काय सर्दीसारखा पसरतो का, असाच सूर होता. उंदरांवर तसाच प्रयोग फसला आणि राऊस यांनी विषय बदलला.

पण ते गप्प बसले नाहीत. १९१६ मध्ये सहकाऱ्यासोबत त्यांनी रक्त टिकवणारं द्रावण बनवलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना त्याचा फायदा झाला. १९३० च्या दशकात ते पुन्हा कॅन्सरकडे वळले. १९६६ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा वय होतं ८७. त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना ते तीन वर्षं आधीच मिळालं होतं!

१९७० मध्ये राऊस गेले. खरी गंमत त्यानंतरची. त्या विषाणूतल्या 'सार्क' नावाच्या जीनमुळे कॅन्सर होत होता. १९७६ मध्ये बिशप, वार्मस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा जीन मुळात कोंबडीच्या निरोगी पेशीतला, विषाणूने उचललेला. तो माणसातही आहे, २० व्या गुणसूत्रावर.

त्याचं प्रोटीन इतर प्रोटीनना फॉस्फेट चिकटवून पेशीला वाढीचे निरोप पोहोचवतं. एरवी त्याच्या शेपटीकडे ब्रेक असतो. विषाणूतल्या प्रोटीनला तो ब्रेकच नाही, त्यामुळे वाढ थांबतच नाही.

आपल्याच जीनमधल्या बिघाडाने कॅन्सर होतो, हे राऊस यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण ते सिद्ध व्हायला वाट मिळाली ती त्यांच्याच कोंबडीमुळे. अशा प्रोटीनना रोखणारी औषधं आज कॅन्सरच्या रुग्णांना दिली जातात.